आखाजी ते आखाजी

माझं पहिलं मोठं चित्र माघारी आलं ते एका कानापायी.

जळगावला कापडाची पेढी असलेले एक शेठजी होते. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जळगावात गेलेल्या, त्यामुळे बोलणं आपल्यासारखंच. त्यांना गादीमागच्या भिंतीवर वडिलांचं तैलचित्र लावायचं होतं. त्यांनी मला दोन फोटो दिले. एक स्टुडिओतला, समोरून काढलेला, ताठ. दुसरा कुठल्याशा लग्नातला, मान जरा वळवून कोणाशी तरी बोलताना. मी अर्थातच दुसरा निवडला. महिनाभर खपलो. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, पगडीच्या घड्या अशा की हात लावून बघाव्यात. चित्र घेऊन पेढीवर निघालो तेव्हा वाटत होतं, शेठजी आता उठून मिठीच मारतात.

शेठजींनी चष्मा पुसला. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाले, "पेंटर, दुसरा कान कुठाय?"

"कान आहे शेठजी. पण तो पलीकडे आहे."

"मग अलीकडे आणा."

मी त्यांना समजावायला लागलो. मान वळली की एक कान दिसेनासा होतो, उजेड एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूला सावली पडते, मोठमोठे चित्रकार असंच काढतात. शेठजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण बाबूजींना दोन कान होते. लोक विचारतील, एक कुठे गेला, तर मी काय सांगू?" त्यांच्या मुनीमजींनी तेवढ्यात मान लांब करून विचारलं, "आणि अर्धं तोंड काळं कशानं झालं?"

त्या वयात माझं डोकं फार लवकर तापायचं. "कान लावून मिळणार नाही!" असं म्हणून मी चित्र काखोटीला मारलं आणि पेढीची पायरी उतरलो. ही गोष्ट सांगून मी आयुष्यभर लोकांना हसवलं आहे. पण आता वय झालं, खरं बोलायला हरकत नाही. शेठजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांना बाप अख्खा हवा होता आणि मी त्यांना माझी हुशारी दाखवत होतो. पुढे दोन वर्षांनी मीच जाऊन समोरून काढलेलं चित्र त्यांना करून दिलं, दोन्ही कानांसकट. शेठजी मोठ्या मनाचे, मागचं एका शब्दाने काढलं नाही.

पण मी सांगतोय ते चित्र माघारी आलं त्या वर्षाचं. सत्तर साल उजाडायला थोडा अवकाश होता. त्यापूर्वी मी जामनेरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. चार वर्षं पोरांना फुलदाणी काढायला शिकवली. फुलदाणी तीच, तिचा उडालेला टवका तोच. पाचव्या वर्षी पुन्हा ती टेबलावर ठेवताना मला असा काही कंटाळा आला, की सुट्टी लागताच मी राजीनामा देऊन टाकला आणि आखाजीला भुसावळला घरी जाऊन तसं सांगितलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशात आखाजी म्हणतो. आमचा दिवाळीच्या तोडीचा सण. त्या दिवशी घरात कोणी कोणाला रागवत नाही. माझा हिशेब तोच होता.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ रेल्वेत फिटर. हातोडी आणि पाना यांखेरीज कशावर फार विश्वास नसलेला माणूस. ते रागावले नाहीत. गोड सांजोरी खाता खाता म्हणाले, "पुढे काय करणार?"

"स्वतःचं काम. चित्रं काढणार."

"दुकानांचे बोर्ड रंगवशील, पोट भरशील, ते मला माहीत आहे. पण बोर्डच रंगवायचे तर इथे ये. मालगाडीच्या डब्यांवर नंबर टाकायला पेंटर लागतात, मी साहेबांशी बोलतो. रंग सरकारी, ब्रश सरकारी, म्हातारपणी पेन्शन. चित्रांसाठी नोकरी सोडलीस ना? मग पुढच्या आखाजीपर्यंत एक तरी चित्र कोणाच्या घरच्या भिंतीवर हौसेने लावलेलं मला दाखव. एकच दाखव. नाहीतर ट्रंक उचलायची आणि भुसावळला यायचं."

मी म्हटलं, "एक काय, दहा दाखवतो." तोंड आहे म्हणून माणूस बोलतो.

मी धुळ्याला आलो. देवपुरात एका घराचा पुढचा ओटा आणि त्यामागची खोली भाड्याने घेतली. घरमालक नाना जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. रिकामे आणि हौशी. मी कॅनव्हास कसा करतो ते बघायला स्वतःची खुर्ची घेऊन येऊन बसायचे. तयार कॅनव्हास आम्हाला कुठला मिळायला? मांजरपाट आणायचं, लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणून बसवायचं, त्यावर सरसाचा हात, तो वाळला की सफेदा आणि जवसाच्या तेलाचा हात. मग फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि एकेका घरात जे असेल ते उचलून इकडे आणायचं. इतकी साधी गंमत आहे. नाक तीन नंबरच्या घरात असेल तर तीन नंबरमध्येच यायला पाहिजे. लोकांना वाटतं की चित्रकाराच्या बोटात काही जादू असते. जादू नाही, आखणी असते. बाकी उरतं ते मात्र कोणाला शिकवता येत नाही, आणि माझं सगळं वर्ष त्या उरलेल्यापायी गेलं.

कानाची गोष्ट झाली ती दिवाळीच्या सुमाराला. त्यानंतर एका वकिलांनी चित्र नाकारलं, कारण त्यात ते जाड दिसत होते. होतेच ते जाड! एका बाईंनी आईचं चित्र परत पाठवलं, का तर आईच्या नाकातली नथ खरी मोत्याची होती आणि मी काढलेली खोटी वाटत होती. बोर्ड मात्र धडाधड येत होते. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, 'येथे उधारी बंद आहे'. रंगवत होतो आणि मनातल्या मनात भुसावळचे डबे मोजत होतो.

मग मी हिय्या करून मुंबईच्या एका प्रदर्शनाला चित्र पाठवलं. केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्या, पहाटेच्या धुक्यात. लाकडी पेटी करून, कडबा भरून, रेल्वे पार्सलने. दोन महिन्यांनी पेटी परत आली, आणि सोबत एक पत्र. जाड दुधी कागद, वर उठावाचा शिक्का, खाली झोकदार सही, इंग्रजीत तीन ओळी. आपली कलाकृती स्वीकारता येत नाही याबद्दल खेद वाटतो. मी पत्र टेबलावर टाकलं आणि पांझरेच्या पुलावर जाऊन उगाच पाण्याकडे बघत बसलो.

परत आलो तर नानांनी ते पत्र काचेच्या फ्रेममध्ये घालून ओट्यावर दर्शनी भागात टांगलेलं!

"अहो नाना, हे काय?"

"वा रे वा! मुंबईहून सर्टिफिकेट येतं आणि तू टेबलावर टाकून जातोस? शिक्का बघ केवढा आहे. अख्ख्या देवपुरात कोणाकडे नाही."

त्यांचा चेहरा इतका फुललेला होता, की मला सांगवेना. लबाडी म्हणा हवं तर. मी गप्प राहिलो. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून ते दाखवायला लागले, "आमचा पेंटर मुंबईपर्यंत पोचलेला आहे." आणि काय सांगू, गिऱ्हाइकं वाढली! नकारानेच माझी जाहिरात केली. त्याच फ्रेमखाली एक दिवस शिंदखेड्याकडच्या एका गावचा शेतकरी येऊन उभा राहिला. गोविंद त्याचं नाव. म्हणाला, "अक्काने बोलावलंय. आमच्या आबाचं चित्र काढायचं आहे."

"फोटो आणला?"

"फोटो नाही. कधी काढलाच नाही."

अक्का म्हणजे त्याची आई. आबा दोन वर्षांपूर्वी गेलेले. गावी गेलो तर अक्का ओट्यावर पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. सत्तरीची, काटक, आवाज खणखणीत. मी म्हटलं, "अक्का, फोटोशिवाय चित्र कसं काढू?"

ती अहिराणीत म्हणाली, "फोटो ऱ्हाता तं तुनं काय काम व्हतं?"

फोटो असता तर तुझं काय काम होतं! आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या घागरीमागच्या भिंतीवर या वर्षी आबाचं चित्र पाहिजे, असा तिचा हट्ट. म्हणजे तिची मुदत आणि माझी मुदत एकाच दिवशी संपत होती.

मी कामाला लागलो. सगळी भावकी ओट्यावर ओळीने बसवली. कोणाचं काय आबासारखं आहे ते ठरवायला गाव लोटलं. कपाळ गोविंदचं, नाक पुतण्याचं, हनुवटी एका नातीची. मिशांवरून तर दोन चुलतभावांत जुंपली. दोघांनाही आबाच्या मिशा आपल्यासारख्याच होत्या असं वाटत होतं. मी सगळं टिपून घेतलं, धुळ्याला येऊन जुळवलं, आबांना नवा फेटा बांधून खुर्चीत बसवलं आणि चित्र घेऊन गेलो.

अक्काने शेंगा बाजूला ठेवल्या, पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ तं तलाठी शे."

हा तर तलाठी आहे! सगळा ओटा खो खो हसला. मीही हसलो. पुन्हा गेलो, पुन्हा विचारलं. आता लोकांना आबाचे गुण आठवायला लागले. नजर कशी करारी, छाती कशी भरदार, बैल कसे दबून असत. मी सगळं चित्रात घातलं. दुसऱ्या खेपेला अक्का म्हणाली, "हाऊ तं तमाशाना राजा शे. मना पोरेसना बाप कोठे शे?"

माझ्या पोरांचा बाप कुठे आहे? तिने हे हसत विचारलं नाही. म्हातारीचे डोळे भरून आले होते. "बठ्ठं बराबर शे," ती म्हणाली, "पन तो नही शे." सगळं बरोबर आहे, पण तो नाही. आखाजी बारा दिवसांवर आली होती. मी चित्र फडक्यात गुंडाळलं. म्हटलं, संपलं. डब्यांवर नंबर टाकायचे.

एसटीला अवकाश होता म्हणून मी माजघराच्या दाराशी पाणी प्यायला गेलो. आतून दाराआडून आवाज आला, "पेंटरदादा, आबा खुर्चीवर कधी बठनातच नही."

आबा खुर्चीवर कधी बसलेच नाहीत! ती गोविंदची बायको, सुभद्रा. चौदा वर्षं त्या घरात नांदलेली. दोन महिने मी अख्ख्या गावाला आबाबद्दल विचारत होतो, आणि रोज त्यांना ताट वाढणाऱ्या बाईला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. सुनेने सासऱ्यासमोर पदर कपाळापर्यंत ओढायचा, मान वर करायची नाही. तिने त्यांचं तोंड पाहिलेलं असणार कधी? असं सगळे धरून चालले होते.

मी तिथेच उंबऱ्याशी बसलो. "बाई, तुम्ही काय पाहिलं ते सांगा."

ती अडखळत सांगायला लागली. नाक-डोळे तिला नीट सांगता येईनात, तोंड कधी धड पाहिलंच नव्हतं. पण आबा ओट्याच्या खांबाला पाठ टेकून कसे बसत, उजवा गुडघा उभा, त्यावर मनगट सैल टाकलेलं. उजव्या पायाचा अंगठा गाडीखाली सापडून बाहेर वळलेला. फेटा घरात कधीच नाही, डोक्याला पंचा. खांदे थोडे पुढे झुकलेले. आणि कोणी आत आलं की मान हलवायची नाही, नुसते डोळे वर करायचे. "असं," ती म्हणाली, आणि दाराच्या फटीतून मला तेवढे डोळे दिसले. वर्षानुवर्षं खाली मान घालून त्या बाईने जेवढं पाहिलं होतं, तेवढं मान वर करून फिरणाऱ्या एकानेही पाहिलं नव्हतं.

मी धुळ्याला पळतच आलो. नाक, कपाळ, हनुवटी होती तशीच ठेवली. माणूस बदलला. बारा दिवस मी नीट जेवलो नाही, आणि इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. एक सांगतो, तेव्हा भुसावळची आठवणसुद्धा आली नाही. चैत्र सरतानाचं ऊन असं कडक, की तेलाचा रंग एरवी आठवडा घेतो तो दोन दिवसांत वाळत होता. जन्मात पहिल्यांदा मी त्या उन्हाचे आभार मानले.

आखाजीच्या आदल्या दिवशी भाऊ आले. पिशवी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य, "साहेब हो म्हणालेत. परवापासून कामावर. ट्रंक भर." नाना लगबगीने पुढे आले आणि भाऊंना हाताला धरून फ्रेमपाशी घेऊन गेले. भाऊंचं इंग्रजी रेल्वेपुरतंच, पण रजेचे अर्ज फेटाळलेली पत्रं त्यांनी आयुष्यभर वाचली होती. त्यांनी एकदा पत्र वाचलं. एकदा नानांच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाले, "फार मोठा शिक्का आहे." आणि खोलीत येऊन दार लावून, तोंडावर पंचा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. भाऊंना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी दोघं एसटीने गावी निघालो. चित्र अजून ओलसर होतं, म्हणून मांड्यांवर आडवं धरलेलं. एक कड माझ्या हातात, एक भाऊंच्या. खड्डा आला की ते हात वर उचलत होते.

गावात कडुलिंबाच्या झाडांना झोके टांगलेले, माहेरी आलेल्या लेकींची गाणी चाललेली. घरात आमरसाचा वास. माजघरात घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि सांजोरी. मी चित्र घागरीमागे भिंतीला टेकून उभं केलं आणि मागे सरकलो.

अक्का बघत राहिली. तलाठी नाही, राजा नाही, काहीच नाही. चुलतभावांपैकी एकाने सुरुवात केली, "मिशा जरा..."

तेवढ्यात सुभद्रा चुलीपाशी होती ती खापरात निखारे घेऊन आत आली, पितरांच्या नावाने निखाऱ्यांवर घास टाकतात त्यासाठी. पदर कमरेला खोचलेला, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने समोर पाहिलं. खापर झटकन खाली ठेवलं, खोचलेला पदर ओढून कपाळापर्यंत घेतला, आणि मान खाली घालून दाराआड झाली.

क्षणभर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग दाराआडून तिचंच हसू फुटलं. "अगं माय! चित्र शे ना ते!"

आणि सगळं घर हसायला लागलं. अक्का हसत होती आणि रडत होती. पुढे सरकून तिने स्वतःचा पदर सारखा केला आणि चित्राला म्हणाली, "उनात का? बठा मंग." आलात का? बसा मग. एवढंच. मला हुंदका आवरेना. लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

गोविंदने खिळा आणला आणि दगडाने ठोकायला लागला. पहिल्याच घावाला खिळा वाकला. भाऊ इतका वेळ दाराशी उभे होते. ते पुढे झाले. "असा नाही. भिंत मातीची आहे, तिरका घ्यावा लागतो. हातोडी आहे का घरात?" हातोडी आली. भाऊंनी भिंत बोटाने ठोकून पाहिली, जागा निवडली, चार घावांत खिळा बसवला. मग चित्र दोन्ही हातांनी उचलून स्वतः टांगलं, मागे सरून डोळा बारीक करून पाहिलं आणि डावी बाजू सूतभर खाली घेतली.

जेवण झालं. चित्र भिंतीवर लागलं होतं, पण भाऊंनी साहेबांना दिलेला शब्द माझ्यापायी मोडायचा मला धीर नव्हता. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर भुसावळची गाडी लागलेलीच होती. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जागा धरा, मी देवपुरातून ट्रंक घेऊन येतो." ते गाडीत चढले आणि दारातल्या कंडक्टरसमोर उभे राहिले. कंडक्टरने खाली उभ्या माझ्याकडे पाहून विचारलं, "दोन भुसावळ?"

"एकच," भाऊ म्हणाले. "तो इथे राहतो. पेंटर आहे."